नव्या नळीत जुनी काडतुसं

"नळीला विचारलं का?"

कुणी काहीही विचारलं तरी त्यांचं पहिलं उत्तर हेच. चष्मा कपाळावर सरकवायचा, हातातली कानस फडक्यावर ठेवायची आणि समोरच्याकडे असं बघायचं, की जणू त्यानं पोस्टात येऊन मेथीची जुडी मागितली आहे. गोळ्या डावीकडे का जातायत? नळीला विचारलं का? दारू कुठली भरू? नळीला विचारलं का? रायफल क्लबातल्या इंग्रजांनाही तेच, त्याच सुरात, "हॅव यू आस्क्ड द बॅरल?" एकदा मी त्यांना विचारलं, आमच्या ह्यांना सोफा लेदरचा हवाय आणि मला कापडाचा, तर काय करावं. चष्मा कपाळावर गेला. मी घाईनं म्हटलं, "काका, सोफ्याला नळी नसते."

"मग मला कशाला विचारता?" म्हणाले, आणि कानस उचलली.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना एका गोष्टीतलं सगळं कळतं आणि उरलेल्या जगाबद्दल त्यांची काही तक्रार नसते. आमचे काका रायफलींच्या नळ्यांतले. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांना छापील नावाचा तिटकारा होता. क्लबाच्या नोटीसबोर्डावर नाव लागलं, की ते त्याच्यावर टाचणीनं दुसरी नोटीस लावून टाकायचे.

माझं म्हणाल तर मी तेव्हा अठ्ठेचाळीसची. आता त्र्याहत्तराव्या वर्षी मागे वळून त्या बाईकडे पाहिलं, की तिला दोन फटके द्यावेसे वाटतात. कॉव्हेंट्रीतल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत सीनियर होते. दोन्ही मुलं युनिव्हर्सिटीला गेली होती, आणि आपलं सगळंच बरोबर असतं असा शोध मला नुकताच लागला होता. त्या वयात बायका योगा करतात, भिशी लावतात, कौन्सिलच्या क्लासला जाऊन केक शिकतात. मी रायफल क्लबात नाव घातलं. कॉलेजात एनसीसीत असताना नेमबाजीचा एक कप मिळाला होता, बोटभर उंचीचा. तेवढ्या जोरावर.

"घरात बंदूक?" हे म्हणाले.

"पोलादी कपाटात. कुलपात. पोलीस येऊन कपाट बघून जाणार आहेत."

"मग आता आपण भांडायचं कसं?"

पोलीसखात्यातले गृहस्थ आले, कपाट पाहिलं, चहा घेतला, दोन बश्या चिवडा खाल्ला आणि हे माझ्याशी नीट वागतात ना, असं मला बाजूला घेऊन विचारून गेले. ह्यांनी तो प्रश्न ऐकला. वर्षभर मला तो ऐकवला.

काकांची आणि माझी भेट झाली ती माझ्या तोंडाळपणामुळे. शंभर यार्डांवर मी पोटावर पडून नेम धरत होते आणि प्रत्येक गोळी डावीकडे जात होती. इंग्लंडात मराठीतून वाटेल ते बोलायची फार सोय असते, कळणारं कुणी नसतं. मी गोळीला म्हटलं, "मेले, सरळ जा की."

मागून आवाज आला, "तिला कशाला बोलता बाई? तुम्ही ढकललं तिकडं ती गेली."

वळून पाहिलं तर निळ्या ओव्हरऑलमधला एक ठेंगणा, काळासावळा म्हातारा. डोक्याला लोकरी टोपी, टोपीवर कानाची आवरणं, हातात वॅक्स पेपरात गुंडाळलेली भाकरी. मी लाजेनं मॅटमध्ये तोंड खुपसलं. त्यांनी तेवढ्यात माझ्या बोटाकडे पाहून सांगितलं, की मी ट्रिगर दाबत नाही, ओरबाडते.

ते खडकीचे. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, हे तिथेच टूलरूममध्ये शिकलेले. तरुणपणी कॉव्हेंट्रीला आले आणि मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं टूलमेकर होते. तो कारखाना बंद झाला, आणि पुढच्याच वर्षी काकू गेल्या. मुलगी एडिनबराला नर्स. उरलं काय, तर क्लबहाऊसच्या मागच्या खोलीतलं कामाचं एक बेंच. बुधवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी ते तिथे असायचे, आणि त्या दोन वेळांसाठी ते उरलेले दिवस काढायचे, हे मला पुष्कळ नंतर कळलं. टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत निळ्या कोटातला, चष्मा लावलेला एक फोटो चिकटवलेला होता. चेअरमननं एकदा वाकून विचारलं, "युअर फादर?"

"सगळ्यांचे," काका मराठीत म्हणाले. मग त्याला कळावं म्हणून, "येस."

आता ते बेंच कशासाठी होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रायफलीची काडतुसं दुकानात तयार मिळतात. पण नेमबाजीतले चोखंदळ लोक आपली आपण भरतात. झालेल्या काडतुसाचं रिकामं पितळ घ्यायचं, त्याच्या बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, दारू मोजून ओतायची, वरून गोळी दाबायची. हे सगळं नेमकं आपल्या रायफलीला, तिच्या नळीला मानवेल तसं. क्लबाचा नियम असा, की घरी भरलेलं काडतूस काकांनी पाहिल्याशिवाय रेंजवर न्यायचं नाही. चेअरमन रिटायर झालेला हेडमास्तर होता. सरकारनं पिस्तुलांवर बंदी आणल्यापासून त्याला झोप नव्हती, उद्या रायफलींवर येईल म्हणून. हे घरगुती भरणंच बंद करावं, सगळ्यांनी दुकानातलं घ्यावं, असं त्याचं म्हणणं. कमिटीत त्यानं काकांना तोंडावर सांगितलं होतं, "एक घटना, आणि बेंच जाईल." काकांनी मान डोलावली होती. त्यांना ते अगदी रास्त वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी मी बेंचपाशी बसून त्यांना सांगितलं, "काका, वजन करायला मला शिकवू नका. मी मिलिग्रॅममध्ये काम करते."

"असं का. म्हणजे कंपाउंडर."

"फार्मासिस्ट."

"तेच ते. आमच्या खडकीच्या दवाखान्यात होता एक. बाटलीला कागदाची पट्टी डकवायचा, डोस कळायला. फार सुबक कापायचा पट्टी."

तेव्हापासून मी कंपाउंडरबाई. इंग्रजांनी अर्थ विचारला तर सांगायचे, "लेडी डॉक्टर, ऑलमोस्ट."

मोजमापाच्या बाबतीत हा माणूस भयंकर होता. कागदावरच्या पाच भोकांचं अंतर बघून चेअरमन कौतुकानं म्हणाला, "साधारण दोन इंच असेल, नाही?" काका म्हणाले, "नो. टू पॉइंट थ्री." चेअरमनचंच टार्गेट होतं ते. कुणाचा नेम वाईट लागला तर "हार्ड लक" म्हणायचे नाहीत. वाईट म्हणायचे. बिस्किटाला हात लावण्याआधी सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावायचे, कारण शिसं पोटात जातं. हेडमास्तर रांगेत उभा राहून हात धुवायचा. तेवढं एक दृश्य बघायला मी बुधवारी जायचे असंही म्हणता येईल.

आमच्या मराठी मंडळातली एक गोष्ट मी त्यांना सांगितली होती. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी आपल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या भारतातून आलेल्या बहिणीला दिल्या. मला कळल्यावर मी मंडळाच्या हॉलमध्ये, समोशांच्या टेबलापाशी, त्यांना वीस मिनिटं सुनावलं. "अगं पण दोघींना ब्लडप्रेशरच आहे की," त्या बिचाऱ्या म्हणाल्या. मी म्हटलं, आजाराचं नाव एक असलं म्हणून शरीर एक होत नाही. हे ऐकून काका इतके खूश झाले, की मला अर्धी भाकरी आणि जवसाची चटणी दिली.

"बघा," म्हणाले, "तुम्हाला नळ्या कळतात."

मला कौतुक फार लवकर चढतं. तेव्हा तर फारच.

तीन वर्षांनी माझ्या रायफलीची नळी झिजली. काकांनी बारीक दुर्बीण आत घालून पाहिलं आणि म्हणाले, "घसा गेलाय." नळीच्या आत पीळ घेतलेल्या खाचा असतात, त्या जिथे सुरू होतात तो घसा. प्रत्येक बाराबरोबर तो थोडा थोडा जळतो आणि खाचा पुढे पुढे सरकतात. म्हणून गेलं वर्षभर आम्ही माझ्या काडतुसांत गोळी केसभर, केसभर बाहेर ठेवत आलो होतो, तिनं खाचांना बरोब्बर भेटावं म्हणून. माझी काडतुसं त्यामुळे लांब झाली होती. त्या एका झिजक्या नळीच्या मापाची. जुनी चप्पल जशी एकाच पायाला बसते.

नवी नळी रीतसर कारागिराकडून, सरकारी तपासणीचा शिक्का होऊन आली. तो कारागीरच काकांना शुक्रवारी मदतीला बोलवायचा, म्हणून चढवली त्यांनीच. मग माझ्याकडची भरलेली काडतुसं मागवली, शंभरावर होती, आणि डब्यावर कागद डकवून वर बॉलपेननं लिहिलं: जुनी नळी. वापरू नये.

"ही सगळी फोडायची," म्हणाले. "गोळी काढायची, दारू काढायची, परत पहिल्यापासून."

"सगळी? काका, मी एकेक वजन करून भरलंय."

"वजन बरोबरच आहे. पेशंट बदलला. नव्याचा घसा कोवळा आहे, ही गोळी आत जाऊन खाचांत रुतेल. जोर वाढेल, काही भरवसा नाही. शनिवारी हा डबा आणि रायफल घेऊन या. तिला काय मानवतं ते बघू आणि वीस भरू. रविवारपुरती."

रविवारी कौंटीच्या संघाची निवड होती. चार जागा. त्या संघात आमच्या क्लबातून तोवर एकही बाई गेली नव्हती, आणि मी गेले तर ती पहिलीच, असं चेअरमन स्वतः दोनदा म्हणाला होता. मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते आता लिहायलाही लाज वाटते. बातमी मंडळात कशी सांगायची, त्याचं वाक्य मी तयार ठेवलं होतं.

आणि शनिवारी मी गेले नाही. गणपतीत मंडळाचं नाटक होतं आणि त्याची रंगीत तालीम निघाली. रायफल माझ्या घरच्या कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये, तेव्हा काका एकटे काही करू शकत नव्हते. बारापर्यंत त्यांनी माझी वाट पाहिली. फोनसुद्धा मी दुपारी केला, तोंडाला मेकअप असताना.

रविवारी ते बसनं आले आणि माझ्या हातात दुकानातल्या काडतुसांची दोन पाकिटं ठेवली. "आज ही वापरा. बरी जातील. फार चांगली नाही जाणार."

मी "बरं" म्हटलं. पाकिटं बॅगेत ठेवली. आणि बॅगेतून तो डबा काढला.

का, ते सांगते. रायफल तीच, काडतुसावरचा नंबर तोच, नळीवरचाही तोच. दुकानातल्या मालानं मला चौथी जागा मिळाली नसती, माझ्या मालानं मिळाली असती. माझी काडतुसं मिलिग्रॅमपर्यंत बरोबर होती. म्हातारी माणसं जरा जास्तच जपतात. हे सगळं मी त्या कागदावरची सूचना वाचत असताना मनात म्हणत होते.

पहिलं काडतूस घातलं. काडतूस आत ढकलणारा बोल्ट पुढे जाईना. म्हटलं, नळी नवीन आहे, लाजतेय. तळव्यानं रेटला. बार काढला, तर खांद्याला असा दणका बसला, की दातावर दात आपटले, आणि बोल्ट उघडायला पुन्हा तळवाच लावावा लागला. जरा अक्कल असलेली बाई इथे थांबली असती. मी म्हटलं, वा, काय जोर आहे.

दुसरं घातलं, रेटलं, नेम धरला, आणि रेंज ऑफिसर ओरडला, "सीज फायर." टार्गेटांच्या पुढ्यातून एक मुंटजॅक, बुटकं हरीण, ढुंगण हलवत निवांत निघालं होतं. अशा वेळी नियम असा, की बोल्ट उघडायचा, काडतूस बाहेर काढायचं, हात मागे. मी बोल्ट ओढला. बाहेर आलं ते नुसतं पितळ. गोळी नळीतच रुतून बसली होती, आणि आतली सगळी दारू, काळ्या तिळासारखी, रायफलीच्या पोटात, ट्रिगरमध्ये, मॅटवर, माझ्या बाहीवर सांडली.

रांगेत बारा जण होते. असं झालं की काडतूस त्या नळीच्या मापाचं नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळतं. हरीण सोडून सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

चेअरमन आला. त्याच्या मागून काका. ते गुडघ्यावर बसले, गुडघे वाजले, माझ्या हातातलं पितळ घेऊन त्यांनी ते उजेडात धरलं. पहिल्या बाराचं पितळही उचललं, बूड पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"हूज राउंड्स आर दीज?" चेअरमननं विचारलं.

'माईन' हा शब्द कितीसा मोठा. माझं तोंड उघडलेलं होतं, एवढं मला पक्कं आठवतं.

"माईन," काका म्हणाले. "मी भरले. नव्या नळीत चालतील, असं मीच तिला सांगितलं. माझं माप चुकलं."

चेअरमननं डबा उचलला. त्यावरच्या कागदाकडे बोट केलं. "हे काय लिहिलंय?"

काका उठून उभे राहिले. "न्यू बॅरल," म्हणाले. "ओके टू यूज."

त्या मैदानात मराठी वाचता येणारी दोनच माणसं होती. 'वापरू नये' हे दोन शब्द डब्यावरून माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. टू पॉइंट थ्रीचे दोन न करणारा माणूस माझ्यासमोर सरळसरळ खोटं बोलला, आणि मी काय विचार करत होते? की आता मला परत नेम धरू देतील का.

दिला. काकांनीच गोळी काढली, ट्रिगर पुसला, रायफल तपासली आणि मला शेवटच्या तुकडीत जागा मिळाली. दुकानातली पाकिटं हातात देताना एवढंच म्हणाले, "आता तरी ही वापरा." मी ती वापरली. चौथी आले.

परत जाताना त्यांना मी गाडीत घेतलं. रिंग रोड लागल्यावर मी विचारलं.

"काका, असं का केलंत?"

"लेन बदला. आपल्याला डावीकडं जायचंय."

मी लेन बदलली.

"हे बघा," ते म्हणाले, "तुम्ही चुकलात असं लिहिलं असतं, तर तुमचं नाव नसतं लिहिलं. 'द इंडियन लेडी' असं लिहिलं असतं. पुढं दुसरी कुणी आली असती, तर तिला दारातच त्याची आठवण करून दिली असती. कारखान्यात बघितलंय मी हे. मी चुकलो तर काय लिहितील? म्हातारा झाला. म्हातारे सगळ्यांच्यात असतात."

"पण बेंच जाईल तुमचं."

"जाईल," म्हणाले. मग विचारलं, "शनिवारी कसली तालीम होती?"

"नाटकाची."

"तुमचं काम काय?"

"नव्या नवरीचं."

ते खिडकीकडे तोंड करून हसायला लागले. मोठ्यानं नाही. पण त्यांच्या घराच्या दारात गाडी थांबेपर्यंत त्यांचे खांदे हलत होते, आणि उतरताना डोळे पुसत म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलंत? मी नसतो थांबलो."

बुधवारी कमिटीनं बेंच बंद केलं. काकांचे आभार मानले, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. घरी भरलेली काडतुसं रेंजवर आणायला बंदी झाली.

मला सत्य सांगायला तीन आठवडे लागले. ह्यांनी नुसता तगादा लावला. "जाऊन सांग की. घरात तू कधी चूक कबूल केलेली नाहीस, तिकडे कर, सराव होईल." शेवटी मी तो डबा घेऊन कमिटीपुढे गेले. टेबलावर ठेवला. म्हटलं, यावर 'ओल्ड बॅरल, डू नॉट यूज' असं लिहिलंय. मी वाचलं होतं, तरी वापरली. त्यांची काही चूक नाही.

चेअरमननं चष्म्यातून माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की मला कळायला हवं होतं. "दॅट्स व्हेरी डीसेंट ऑफ यू," तो म्हणाला, आणि काकांना आत बोलावलं. डबा त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्हीच सांगा, यावर काय लिहिलंय?"

"न्यू बॅरल," काका म्हणाले. "ओके टू यूज. शी इज बीइंग काइंड."

मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमळ चेहरा ठेवून, मराठीत म्हणाले, "बसा खाली, कंपाउंडरबाई. एक नाटक पुरे झालं."

"व्हॉट डिड ही से?" चेअरमननं मला विचारलं.

सगळी कमिटी बघत होती. काकांचा एक हात टेबलाच्या कडेवर होता आणि बोटं पांढरी झाली होती. त्यांना ती जागा माझ्यासाठी माझ्याहून जास्त हवी होती, का त्यांना आणखी काही हवं होतं, मला अजून नीट सांगता येत नाही. मी म्हटलं, "ही सेज थँक यू."

खोटं भाषांतर करणारी त्या खोलीतली दुसरी मराठी व्यक्ती मी. पुढे आमचं ह्या विषयावर कधी बोलणं झालं नाही.

कौंटीच्या संघात मी तीन वर्षं होते. शेवटून पहिली, कधी शेवटून दुसरी. मंडळात बातमी सांगायचं ते वाक्य मी सांगितलं नाही, हाच काय तो माझा त्याग. तोही कुणाला कळला नाही.

काका त्यानंतरही शनिवारी यायचे. आत बेंच नव्हतं, म्हणून बाहेरच्या बाकड्यावर बसायचे, शेजारी टूलबॉक्स ठेवून. पण सगळे दुकानातली काडतुसं वापरायला लागले होते, आणि दुकानातल्या काडतुसाबद्दल विचारायचं काय? लोक त्यांना हवापाण्याचं विचारायचे. तब्येतीचं विचारायचे. एवढ्या जणांनी तब्येत विचारली की माणूस आजारी दिसायला लागतो. मी जाऊन मुद्दाम काहीतरी विचारायचे, ट्रिगर जड झालाय का, स्लिंगचा पट्टा सैल झालाय का. त्यांना ते मुद्दाम आहे हे कळायचं. नीट उत्तर द्यायचे, तरी.

दोन वर्षांनी मुलीनं त्यांना एडिनबराला नेलं. फोन व्हायचे. तिथे किचनमधले सगळे नळ, बिजागऱ्या, इमारतीतल्या बायकांच्या शिवणाच्या मशीनी त्यांनी दुरुस्त करून टाकल्या होत्या. "आता काही मोडतच नाही इथं," म्हणाले. त्याच थंडीत गेले. मुलीनं फोनवर सांगितलं, सकाळी चहा पिताना, बसल्याबसल्या. मी आणि हे ट्रेननं गेलो. वंदना झाली, सगळी मिळून पंधरा माणसं होती. चेअरमनही आला होता, काळ्या कोटात, एवढ्या लांब, एकटा. मी त्याच्याशेजारी बसले. तो सरळ बसून रडत होता आणि रुमाल सापडत नव्हता, तेव्हा मी माझा दिला. त्याच्यावर रागावायची माझी सगळी तयारी होती, ती तिथे वाया गेली.

क्लबाच्या वार्षिक पुस्तिकेत काकांवर चार ओळी आल्या. चांगल्या होत्या, मनापासून लिहिलेल्या. शेवटची ओळ अशी, की इतकी वर्षं बेंच सांभाळून या माणसाच्या हातून एकच चूक झाली, आणि तीही त्यांनी ताबडतोब, सगळ्यांसमोर, मोठ्या मनानं कबूल केली.

मी संपादकांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, नाटकसुद्धा. आठवड्यानं कार्ड आलं, वर डॅफोडिल्सचं चित्र. आम्हालाही त्यांची फार आठवण येते, आणि हे पत्र अगदी तुमच्या स्वभावाला शोभणारं आहे, असं आत. इंग्लंडात तुम्ही एकदा दयाळू ठरलात की सुटका नाही.

म्हणून हे मराठीत लिहिलं. ती एक चूक त्यांची नव्हती. ज्यांना वाचता येतं त्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.

मी आता नेम धरत नाही, खांदा गेलाय. रायफलही परत केली. पण शनिवारी कधी कधी चहाला जाते. मागच्या खोलीत आता दोन सोफे आहेत, कापडाचे, आणि कॉफीचं मशीन. वसंतात एक नवी मुलगी आली, लेस्टरची, आईबाप तमिळ, हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर आहे. पहिल्या दिवशी ती बिचकत आत येत होती. मी मुद्दाम दारात उभी होते. नवा सेक्रेटरी तिच्याशी बोलला, वहीत नाव घातलं, कानाची आवरणं दिली. बाकी कुणी मागची कसली आठवण काढली नाही.

परवा ती बार संपवून आली, टार्गेट माझ्यासमोर धरलं. "आंटी, इज दॅट टू इंचेस?"

मी माझा चष्मा काढून, पुसून, परत लावून पाहिलं. म्हटलं, "नो. अडीच."

तिचा चेहरा पडला. मग हसली. "तुम्हाला कुणी शिकवलं?"

"ते तिथं बसायचे," मी म्हटलं, आणि मागच्या खोलीकडे हात केला.

तिनं दारातून आत डोकावून पाहिलं. दोन माणसं कप धरून मशीनपुढे उभी होती, मशीन घरघरत होतं, कॉफी काही येत नव्हती, आणि त्याचं झाकण उघडून बघावं असं दोघांपैकी कुणाच्याही मनात आलेलं नव्हतं.